सापडणे आणि सिद्ध होणे

विषबाधेबद्दल आपल्या समाजात एक मत इतके मुरले आहे की ते केवळ मत आहे, त्याची शहानिशा करता येते, हेच लोक विसरले आहेत. त्याची कलमे चार. शरीरात गेलेले विष किंवा अमली द्रव्य रक्तात, लघवीत, आणि माणूस दगावलाच तर व्हिसेऱ्यात, म्हणजे शवातून तपासणीसाठी काढलेल्या अवयवांत, सापडल्याशिवाय राहत नाही. ते सापडून त्याचे नाव कळल्याखेरीज डॉक्टरला उपचार करता येत नाही. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, तर त्या माणसाने ते घेतले किंवा कुणी तरी त्याला दिले, यात शंका उरत नाही. आणि ‘निगेटिव्ह’ आला, तर विष नव्हतेच.

कॅज्युअल्टीच्या दारात नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर, सगळ्या विषांची एक टेस्ट करून टाका.’ वर्तमानपत्र लिहिते, ‘व्हिसेरा राखून ठेवला असून अहवालानंतर मृत्यूचे नेमके कारण स्पष्ट होईल.’ एखाद्या नटाचा लघवीचा नमुना ‘पॉझिटिव्ह’ निघाला, की संध्याकाळच्या वाहिन्यांवर खटला निकालात निघतो. ही चारही कलमे जशीच्या तशी टिकत नाहीत, असे मला दाखवायचे आहे. मात्र खंडन करण्याआधी पूर्वपक्षाची बाजू पुऱ्या ताकदीने मांडायला हवी, कारण हे मत अडाण्यांचे नाही. त्याला चांगली वंशावळ आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात सोमल हे खुन्यांचे आवडते विष होते. त्याला वास नाही, सांगण्यासारखी चव नाही, आणि लक्षणे पटकीसारखी. शेजारीपाजारी पटकी असताना कुणी कुणावर संशय घ्यायचा? १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सोमलाचा अगदी अल्प अंशही काचेवर काळ्या चकचकीत डागाच्या रूपाने दाखवणारी कसोटी प्रसिद्ध केली. चारच वर्षांनी फ्रान्समध्ये लाफार्ज खटला गाजला. नवऱ्याच्या मृत्यूबद्दल पत्नीवर आरोप होता, स्थानिक रसायनतज्ज्ञांचे आपसांत एकमत होईना. शेवटी पॅरिसहून मात्यू ऑर्फिला आला. पुरलेल्या प्रेताच्या अवयवांत सोमल असल्याचे त्याने न्यायालयात सांगितले आणि शिक्षा झाली. शवाच्या पोटातून रसायन बोलू शकते, हा विश्वास त्या दिवसापासून जगभर पसरला. तो निराधार नव्हता. या विद्येने कितीतरी खून उघडकीला आणले आणि कितीतरी निरपराधांवरचे किटाळ दूर केले.

पण हीच विद्या एकोणीस वर्षांनी लंडनमध्ये तोंडघशी पडली, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीइतकी प्रसिद्ध नाही. १८५९ मध्ये टॉमस स्मेथर्स्ट या डॉक्टरवर विषप्रयोगाचा खटला चालला. सरकारतर्फे तज्ज्ञ होता अल्फ्रेड स्वेन टेलर, ज्याच्या ग्रंथांवर इंग्रजी न्यायवैद्यकाच्या पिढ्या वाढल्या. आरोपीकडे सापडलेल्या एका बाटलीत त्याला सोमल आढळला. पुढे ध्यानात आले की बाटलीतल्या औषधाने परीक्षेसाठी वापरलेली तांब्याची जाळीच विरघळवली होती, आणि सोमल त्या तांब्यात अशुद्धी म्हणून आधीपासून होता. म्हणजे परीक्षकाने स्वतःच आणलेले विष त्याला सापडले. टेलरने हे न्यायालयात कबूल केले. ज्यूरीने तरीही स्मेथर्स्टला दोषी ठरवले. बाहेर इतका गदारोळ झाला की सरकारला त्याला खुनाच्या शिक्षेतून माफी द्यावी लागली. परीक्षा चुकते, यापेक्षा ती चुकल्याचे कळूनही निकाल बदलत नाही, हे मला या प्रकरणात अधिक बोधक वाटते. अहवालाची छाप त्याच्या खरेपणापेक्षा जास्त काळ टिकते.

आता एकेक कलम घेऊ.

पहिले कलम ‘सगळ्या विषांच्या एका टेस्ट’चे. अशी टेस्ट अस्तित्वात नाही. रुग्णालयात ‘टॉक्स स्क्रीन’ किंवा ‘ड्रग पॅनेल’ म्हणून जी पट्टी लघवीत बुडवली जाते, तिच्यावर ठराविक द्रव्यगटांची प्रतिपिंडे बसवलेली असतात. ज्या गटाचे प्रतिपिंड पट्टीवर नाही, त्याबद्दल पट्टी मुकी असते. आणि पट्टीवर काय असावे हे रुग्णाकडे पाहून ठरलेले नाही. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकरांत अमली पदार्थमुक्तीचा आदेश काढला. त्यातून कामाच्या ठिकाणच्या चाचण्यांसाठी जी पंचकडी रूढ झाली ती अशी: गांजा, कोकेन, अफूजन्य द्रव्ये, अ‍ॅम्फेटामिने आणि फेन्सायक्लिडिन. नोकर नशा करतो का, हे वॉशिंग्टनला हवे होते. आज जगभर विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचा सांगाडा तिथून आला आहे.

आता आपल्याकडे विष म्हणून काय पोटात जाते ते पाहा. फवारणीची ऑर्गनोफॉस्फरस औषधे, धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, पॅराक्वाट हे तणनाशक, उंदीर मारायची पेस्ट, पिवळ्या कण्हेरीच्या म्हणजे बिट्टीच्या बिया, धोतरा. यांतले एकही त्या पट्टीवर नाही. विदर्भातल्या एखाद्या रुग्णालयात बेशुद्ध शेतमजुराची ‘ड्रग पॅनेल’ निगेटिव्ह आली, तर त्यातून एवढेच कळते की त्याने बहुधा कोकेन घेतलेले नाही. ते तसेही कुणाला वाटत नव्हते.

पट्टीवर नाव असलेल्या गटांतही हीच गत. ‘अफूजन्य’ म्हणून जी चौकट असते ती मुख्यतः मॉर्फीन आणि कोडीन ओळखते. ट्रामाडॉल आणि फेंटानिल ही प्रयोगशाळेत बनवलेली द्रव्ये परिणामाने अफूच्या कुळातली, पण बांधणीने वेगळी, म्हणून ती त्या चौकटीतून निसटतात. ट्रामाडॉलचा गैरवापर आपल्याकडे इतका वाढला की २०१८ मध्ये सरकारने ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले. त्याच्या गोळ्यांनी श्वास मंदावलेला तरुण पुढ्यात असताना पट्टी मात्र ‘निगेटिव्ह’ म्हणू शकते. झोपेच्या गोळ्यांची चौकट ऑक्साझेपामच्या अंगाने घडवलेली असते. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम ती अनेकदा चुकवते.

तिसरे कलम ‘पॉझिटिव्ह’चे. ते सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून ते आधी घेतो. प्रतिपिंड रेणूचा आकार ओळखते, तोही अर्धवट. गर्दीत पाठमोरा माणूस पाहून आपण ओळखीच्या नावाने हाक मारतो आणि वळतो तो भलताच, तसे हे आहे. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन काही पद्धतींत ‘अफूजन्य’ म्हणून उमटते. ऑफ्लॉक्सासिनच्या कुळातली प्रतिजैविकेही तेच करतात. एचआयव्हीच्या उपचारातले एफाव्हिरेन्झ काही पट्ट्यांवर गांजा ठरते. खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन फेन्सायक्लिडिन ठरू शकते, आणि रॅनिटिडिन किंवा लॅबेटालॉल अ‍ॅम्फेटामिन. क्षयाचे औषध इमाने-इतबारे घेणारा कामगार त्या औषधामुळेच व्यसनी ठरावा, ही शक्यता आपल्या देशात कागदावरची नाही.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. अनारशाच्या पाठीला लावलेली किंवा मटणाच्या वाटणातली खसखस ही अफूच्याच बोंडातली बी. तिच्यावर बोंडाच्या चिकाचा अंश राहिलेला असतो, आणि ती पुरेशी खाल्ली तर लघवीत मॉर्फीन येते. अगदी खरेखुरे मॉर्फीन. इथे यंत्राचे काहीच चुकलेले नसते. दुसऱ्या टप्प्यावरच्या गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या अचूक पद्धतीनेही तेच उत्तर येईल. चुकतो तो त्यावरून काढलेला अर्थ. अमेरिकेत हे लक्षात आल्यावर १९९८ मध्ये सरकारी चाचण्यांतली अफूजन्य द्रव्यांची मर्यादा दर मिलिलीटरला ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २००० वर नेण्यात आली. एका रात्रीत असंख्य ‘पॉझिटिव्ह’ माणसे ‘निगेटिव्ह’ झाली. त्यांच्या शरीरात काही बदलले नव्हते, बदलली होती रेघ. ‘पॉझिटिव्ह’ हा निसर्गाचा निर्णय नसून माणसांनी आखलेल्या रेघेच्या वरची बाजू आहे, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार? दुबईला निघालेल्या नातलगाच्या पिशवीत खसखस ठेवू नका, हा सल्लाही याच बीमुळे मिळतो. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे.

यावर शहाणी माणसे म्हणतात, ‘अहो, पण टेस्ट पंचाण्णव टक्के अचूक आहे.’ ठीक आहे, हिशेब करून पाहू. समजा, एका कारखान्यात १००० कामगार आहेत आणि त्यांपैकी २० जण खरोखर नशा करतात. चाचणी नशा करणाऱ्यांपैकी ९५ टक्के बरोबर पकडते, आणि न करणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर सोडते. मग २० पैकी १९ सापडतील. पण उरलेल्या ९८० निर्व्यसनी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९ जण, चुकून अडकतील. एकूण ६८ ‘पॉझिटिव्ह’ माणसांत ४९ निरपराध. चाचणी तीच, अचूकता तीच, पण पकडलेल्या दर दहांतले सात निर्दोष. हेच गणित व्यसनमुक्ती केंद्रात, जिथे निम्मे लोक खरोखर घेत असतात, अगदी वेगळे येते. १००० पैकी ५०० घेत असतील, तर ४७५ खरे सापडतात आणि फक्त २५ चुकून. म्हणजे कुणाची चाचणी केली, का केली, आधीपासून किती संशय होता, हे ठाऊक नसेल तर अहवालाचा अर्थच लागत नाही. म्हणून पट्टीवरचा ‘पॉझिटिव्ह’ हा निष्कर्ष मानू नये, दुसऱ्या पद्धतीने पक्का होईपर्यंत तो संशयच असतो.

‘मग पक्का करा की!’ असे पूर्वपक्ष म्हणेल. करावाच. पण ‘पक्का’ अहवालही माणसेच वाचतात. १९८९ मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यात एक तान्हे बाळ आजारी पडून दगावले. त्याच्या रक्तात एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचे गोठणरोधक, सापडल्याचे एकाहून अधिक प्रयोगशाळांनी सांगितले. आईला अटक झाली. तुरुंगात असतानाच तिला दुसरे मूल झाले आणि त्याच्यात मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडिमिया हा जन्मजात चयापचयाचा आजार निघाला. तरी १९९१ च्या आरंभी आईला जन्मठेप झाली. मग सेंट लुइस विद्यापीठातल्या विल्यम स्लाय आणि जेम्स शूमेकर यांनी पहिल्या बाळाचे नमुने पुन्हा तपासले. या आजारात शरीरातच तयार होणारे प्रोपिओनिक आम्ल आलेखावर एथिलीन ग्लायकॉलच्या जवळपास उमटते, आणि आधीच्या वाचकांनी तेच विष म्हणून वाचले होते. त्याच वर्षी आरोप मागे घेतले गेले. दोन अहवाल जुळले म्हणून खटला भक्कम वाटला, पण दोन्ही अहवाल एकाच वाटेने एकाच खड्ड्यात गेले होते.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. कॅनडात टोरोंटोच्या ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’ची मदरिस्क प्रयोगशाळा आयांच्या केसांत अमली द्रव्ये शोधून देत असे, आणि त्या अहवालांच्या आधारे मुले आईबापांपासून काढून घेतली जात. २०१५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सुझन लँग यांच्या स्वतंत्र चौकशीने २००५ ते २०१५ मधली ती केस-तपासणी बालसंरक्षण आणि फौजदारी कामकाजासाठी अपुरी व अविश्वसनीय ठरवली. प्राथमिक चाळणीचा निकाल पक्क्या पुराव्यासारखा वापरला जात होता. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने बाराशेहून अधिक प्रकरणे पाहिली. ५६ प्रकरणांत या अहवालांनी निकालावर मोठा परिणाम केल्याचे त्याला आढळले, आणि तोवर बरीच मुले कायमची दत्तक गेली होती. दहा वर्षे न्यायालयांनी, समाजसेवकांनी, वकिलांनी त्या अहवालांवर प्रश्न विचारला नाही, कारण खाली नामांकित रुग्णालयाचे नाव होते.

द्रव्य खरेच सापडले, नीट पक्के झाले, तरीही ‘किती’ आणि ‘केव्हा’ हे प्रश्न उरतात. नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष महिनाभराहूनही अधिक काळ मिळू शकतात. कोकेनचे दोनतीन दिवसांत जातात. मद्य काही तासांत. त्यामुळे अपघातानंतर चालकाच्या लघवीत गांजा सापडला, एवढ्यावरून तो त्या वेळी नशेत होता असे म्हणता येत नाही. मद्याचे वेगळे आहे. रक्तातले मद्याचे प्रमाण आणि मेंदूवरचा परिणाम यांचे नाते बरेच थेट आहे, म्हणून मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालणे समंजस आहे. मद्याच्या चाचणीला मिळालेला हा मान आपण नकळत सर्वच चाचण्यांना देऊन बसलो आहोत.

मृत्यूनंतर तर आकडे आणखी फसवे होतात. डिगॉक्सिनसारखी काही औषधे हृदयाच्या स्नायूंत साठलेली असतात. मृत्यूनंतर ती रक्तात उतरतात आणि हृदयातून घेतलेल्या नमुन्यात प्रमाण फुगलेले दिसते. म्हणून जाणकार मांडीच्या शिरेतले रक्त मागतात. प्रेत कुजू लागले की जंतू स्वतःच थोडे मद्य तयार करतात. न पिणाऱ्याच्या पोटात दारू निघते ती अशी. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचा, फॉर्मॅलिनमध्ये नाही, रक्तात सोडियम फ्लोराइड घालायचे, बाटलीला सील लावायचे, या साध्या बाबी जिथे चुकतात तिथे पुढचे कोट्यवधींचे यंत्र काय करणार? ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, काही महिन्यांनी येतो. त्यातल्या ‘विष आढळले नाही’ या वाक्यात नमुना घेण्यापासून शोधलेल्या द्रव्यांच्या यादीपर्यंत सगळ्या मर्यादा न सांगता सामावलेल्या असतात.

या वाक्याचे खरे मोल पुण्यातल्या दोन खटल्यांत दिसते. पहिला डॉ. अनंत चिंतामण लागूंचा. नोव्हेंबर १९५६ मध्ये लक्ष्मीबाई कर्वे या श्रीमंत विधवा त्यांच्याबरोबर पुण्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाल्या. गाडी पोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात भलत्याच नावाने दाखल केले, आणि काही तासांत त्या गेल्या. शवविच्छेदन झाले, रासायनिक विश्लेषण झाले, विष सापडले नाही. पूर्वपक्षाच्या चौथ्या कलमानुसार खटला इथेच संपायला हवा होता. पण लागूंनी त्यांची ओळख लपवली होती, त्या जिवंत असल्याची बनावट पत्रे धाडली होती, त्यांचा पैसा हडप केला होता. डॉक्टर माणूस मागमूस न ठेवणारे विष निवडू शकतो, आणि ते सापडले नाही एवढ्याने परिस्थितीचा सगळा पुरावा पुसला जात नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये बहुमताने फाशी कायम केली. एका न्यायमूर्तींनी भिन्नमत नोंदवले. त्या शंकेचा आदर ठेवूनही म्हणता येते की ‘आढळले नाही’ आणि ‘नव्हते’ यांत अंतर असल्याचे बहुमताने नेमके ओळखले.

दुसरा खटला १९८२ चा. पुण्यात एका नवविवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला. इथे विषाबद्दल वाद नव्हता. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि विषप्रयोगाच्या खुनासाठी चार गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात असे बजावले: आरोपीला स्पष्ट हेतू होता, मृत्यू त्याच विषाने झाला, ते विष आरोपीजवळ होते, आणि ते देण्याची संधी त्याला होती. या चारांपैकी प्रयोगशाळा फक्त दुसरीबद्दल बोलू शकते. बाकीच्या तिन्हींबद्दल तिला काहीही ठाऊक नसते. विष मिळाले, पण ते तिने स्वतः घेतले नाही असे ठरवता आले नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दिसते, एकात विष सापडले नाही तरी गुन्हा ठरला, दुसऱ्यात सापडले तरी ठरला नाही. अहवाल हा पुराव्याचा एक तुकडा आहे, आणि न्यायालयाने त्याला तेवढ्याच वजनाने तोलले.

उरले दुसरे कलम: नाव कळल्याशिवाय उपचार नाही. इथे खंडनाबरोबर मंडनही आले, कारण नाव नाही तर उपचार कशावरून करायचा, ते सांगावे लागेल.

विषवैद्यकाची उपचाराची रीत अशी, की विष कोणते ते मागाहून, आधी त्याने शरीराचे काय केले ते पाहा. बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आहेत, तोंडातून लाळ आणि फेस, अंग घामाने निथळते आहे, छातीत घरघर, नाडी मंद. हे चित्र ऑर्गनोफॉस्फरसचे, आणि त्यावर अ‍ॅट्रोपीन लगेच हवे. छाती स्वच्छ होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जायची. त्याआधी कुठल्याही अहवालाची वाट पाहिली तर माणूस आपल्याच स्रावात बुडतो. रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराची तपासणी जरूर करावी, पण तिच्याही मर्यादा आहेत. त्याची पातळी माणसामाणसांत मुळातच वेगळी, आणि यकृताच्या आजारात, गरोदरपणात, कुपोषणात ती तशीही घटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दाखल झाले. तिथे वेगवेगळी औषधे वापरात होती, त्यांतली काही मिश्रणे, काही ऑर्गनोफॉस्फरसची नव्हतीच, आणि ती पोटातून नव्हे तर त्वचेतून व श्वासातून गेली होती. एका नावाचा शोध अशा ठिकाणी उपचाराला उशीरच लावतो.

आपल्या मातीत घडलेले विषवैद्यक याच रीतीने मोठे झाले. विंचवाच्या विषाची रक्ततपासणी महाडच्या दवाखान्यात कधीच नव्हती. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात थंड पडलेले हातपाय, घाम, चढलेला रक्तदाब, फुप्फुसात भरणारे पाणी हे नीट पाहिले. विष हृदयाशी कसे वागते याचा माग काढून त्यांनी प्राझोसिन द्यायला सुरुवात केली, आणि कोकणात विंचूदंशाने जाणारे बळी झपाट्याने घटले. सर्पदंशात आजही सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे स्वच्छ, कोऱ्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे हलवायचे नाही आणि गोठले का ते पाहायचे. ती विष शोधत नाही, विषाचे कृत्य शोधते. मण्यारीच्या दंशाला तर अनेकदा खूणही नसते. पापण्या जड झाल्या, गिळवेना, एवढ्यावरच निर्णय घ्यावा लागतो. बिट्टीच्या बियांमध्ये हृदयावर काम करणारी द्रव्ये डिगॉक्सिनच्या जातीची असतात, म्हणून डिगॉक्सिनची चाचणी पॉझिटिव्ह येते. पण त्या आकड्यावरून किती बिया खाल्ल्या हे सांगता येत नाही. ते ईसीजी आणि पोटॅशियम जास्त चांगले सांगतात.

यावरून प्रयोगशाळा निरुपयोगी आहे असा अर्थ कुणी काढला, तर तो माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. उलट, काही थोडी विषे अशी आहेत की त्यांचे मोजमाप केल्याशिवाय उपचारच आंधळा ठरतो. पॅरासिटामॉलचा जास्त डोस घेतलेली मुलगी पहिल्या दिवशी हसतखेळत असते आणि यकृत दोन दिवसांनी निकामी होते. चार तासांनंतरची रक्तपातळी रुमॅक आणि मॅथ्यू यांच्या १९७५ च्या आलेखावर मांडली की उतारा द्यायचा की नाही ते ठरते, आणि आठ तासांच्या आत दिलेला उतारा जवळजवळ खात्रीने यकृत वाचवतो. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मारली, ती मिथेनॉलने. अंधुक दिसणे आणि रक्तातले वाढते आम्ल यांबरोबर मिथेनॉलची मोजणी मिळाली तर वेळेवर उपचार होतो. त्यातही मेख आहे. उशिरा आलेल्या रुग्णात मिथेनॉल संपलेले असते आणि त्यापासून बनलेले फॉर्मिक आम्ल डोळे जाळत असते. पॅराक्वाटसाठी लघवीत डायथायोनाइट टाकून निळा रंग पाहण्याची तपासणी कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी करता येते. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीने २००३ मध्ये तातडीच्या रुग्णांसाठी जी शिफारस केली तीही याच दिशेची: पॅरासिटामॉल, सॅलिसिलेट, लिथियम, डिगॉक्सिन, लोह, मद्य, कार्बन मोनॉक्साइड अशा मोजक्या गोष्टी, पण लवकर आणि मोजून. या यादीतल्या प्रत्येक चाचणीमागे ‘उत्तर आले तर मी वेगळे काय करीन?’ हा प्रश्न आहे. पंचकडीमागे तो नाही.

शेवटचा आक्षेप नव्या यंत्रांचा. लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि उच्च क्षमतेची मास स्पेक्ट्रोमेट्री एका नमुन्यात शेकडो द्रव्ये ओळखते, मग ही सगळी तक्रार जुनी झाली, असे म्हटले जाते. यंत्रे सुधारली आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. पण ज्या यंत्राला अब्जांश ग्रॅम दिसतो, त्याला अनारशाची खसखस, परवाची गोळी, शेतातल्या हवेतले कीटकनाशक आणि कारखान्यातली धूळही दिसते. सापडण्याचे प्रमाण जितके वाढते, तितके ‘सापडले, मग काय?’ हे विचारणाऱ्या माणसाचे काम वाढते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. अहवालावर फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नको. कोणती द्रव्ये शोधली, कोणती शोधलीच नाहीत, मर्यादा कोणती धरली, दुसऱ्या पद्धतीने पक्के केले का, नमुना केव्हा आणि कुठून घेतला, हे छापलेले हवे. नुसत्या पट्टीवर कुणाची नोकरी, मूल किंवा अब्रू जाता कामा नये. डॉक्टरने नमुना पाठवताना संशय लिहून पाठवावा, म्हणजे तपासणारा नेमके काय शोधायचे ते ठरवील. नातेवाइकांनी चाचणीचा हट्ट धरण्याऐवजी बाटली, डबी, गोळ्यांचे पाकीट, झाडाची फांदी उचलून आणावी, कारण लेबल यंत्रापेक्षा लवकर बोलते. अडलेल्या डॉक्टरने दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला फोन लावावा. ते १९९५ पासून याचसाठी आहे. आणि तालुक्याच्या रुग्णालयाच्या खर्चात रंगीत पट्ट्यांच्या खोक्याआधी अ‍ॅट्रोपीनचा भरपूर साठा, सर्पविषावरची लस, ईसीजीचे चालू यंत्र आणि लक्षणे ओळखायला शिकवलेली परिचारिका यावी. विषाचे नाव मागाहून कळले तरी चालते, पण या चार गोष्टी मागाहून आल्या तर त्यांचा रुग्णाला काही उपयोग उरलेला नसतो.